तबकडी नानांनी खराब केली नव्हती

जळगावात जुन्या गाण्यांचा नाद असलेली चार म्हातारी माणसं एकत्र बसली की एक गोष्ट हमखास निघते. फैजपूरकडचा एक केळीवाला शेतकरी होता म्हणे. तो ग्रामोफोनला पिनच्या जागी बाभळीचा काटा लावायचा, आणि त्या काट्यानं त्यानं एका वकिलाची दुर्मीळ तबकडी शेत नांगरावं तशी नांगरून टाकली. सांगणारा शेतकऱ्याची बोली काढतो, ऐकणारे हसतात. मागच्या वर्षी एका कार्यक्रमात तिशीतल्या एका गायकानं ती व्यासपीठावरून सांगितली. मी पहिल्या रांगेत होतो, वयाचा मान म्हणून बसवलेला. गोष्ट संपल्यावर तो माझ्याकडे हात करून म्हणाला की अशा गोष्टी आम्ही या बुजुर्गांकडूनच ऐकल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बसल्या जागेवरून हात जोडले.

ती गोष्ट मी पसरवलेली आहे. कचेऱ्यांत सांगितली, लग्नाच्या पंगतींत सांगितली, एका स्मरणिकेत छापूनही आणली. ती खोटी आहे. तबकडी मी खराब केली होती. हे एवढं लिहून थांबलो असतो तरी चाललं असतं, पण नुसतं एवढं वाचून लोक म्हणतील की म्हाताऱ्याला उगाच हळहळ लागून राहिली आहे. म्हणून झालं तसं सांगतो.

पंचावन्न-छप्पन्न सालचा सुमार. मी पंचविशीचा होतो आणि जळगावला सरकारी कचेरीत कारकून होतो. माझं मूळ गाव शिंदखेड्याजवळ. घरी आम्ही अहिराणी बोलायचो. जळगावात आल्यावर वर्षाच्या आत मी ‘आहे’ला ‘शे’ आणि ‘सगळं’ला ‘बठ्ठं’ म्हणणं तोंडातून काढून टाकलं. इतकं की आई भेटायला आली आणि खोलीच्या दारात मोठ्यानं बोलू लागली, तर मी तिला आत ओढून दार लावत असे. हे इथे सांगायचं कारण पुढे येईल.

एका वकीलसाहेबांच्या माडीवर दर रविवारी सकाळी गाणं ऐकायला काही मंडळी जमत. गाणारं कुणी नव्हतं, सगळे ऐकणारेच. वकीलसाहेबांकडे मोठा ग्रामोफोन होता आणि तबकड्यांचे अल्बम होते, कापडी बांधणीचे, आत जाड कागदाची पाकिटं शिवलेले. कारकुनाला तिथं प्रवेश मिळणं ही साधी गोष्ट नव्हती. कचेरीतल्या एका कामाच्या निमित्तानं त्यांनी माझी आवड ओळखली आणि म्हणाले, भाऊसाहेब, रविवारी या. कारकुनाला भाऊसाहेब सगळेच म्हणतात, पण त्यांच्या तोंडून ते मला निराळं वाटलं.

मंडळीचे दोन नियम होते. पहिला असा की येताना प्रत्येकानं एक तबकडी आणायची, आणि ती ‘सध्याची’ असायला हवी. घरातली उत्तम किंवा दुर्मीळ असली पाहिजे असं नाही. या आठवड्यात जी तुम्ही पुन्हा पुन्हा लावलीत, जिच्यासाठी जेवण निवू दिलंत, ती. दुसरा नियम फेरीचा. ऐकून झालं की तबकड्या बसल्या क्रमानं एकेक घर पुढे सरकायच्या. माझी तबकडी शेजाऱ्याकडे, त्याची त्याच्या शेजाऱ्याकडे, प्रत्येक घरी एक आठवडा, आणि सगळी घरं फिरली की मालकाकडे परत. फेरी पुरी होईपर्यंत ती माडीवर पुन्हा लावायची नाही. पण ज्याच्या घरी ती आठवडाभर होती त्यानं रविवारी तिच्याबद्दल दोन शब्द बोलायचे. एवढाच शिरस्ता. न मागता एखाद्याच्या आवडीचं गाणं आपल्या घरी येऊन राहायचं, पाहुण्यासारखं. तेव्हा आमच्यातल्या बहुतेकांकडे स्वतःच्या दहा-बारा तबकड्या असत. फेरीमुळे वर्षात कितीतरी ऐकून व्हायचं.

चित्रकलेचे एक मास्तर होते, ते फक्त वाद्यं आणायचे. शब्द आले की सूर पातळ होतो असं त्यांचं मत होतं, आणि ते आम्हाला दर रविवारी ऐकावं लागे. रेल्वेतले एक बाबू सिनेमाची अगदी नवी गाणी आणायचे आणि मास्तरांची बोलणी खायचे. वकीलसाहेब जुने ख्याल लावायचे, बहुतेक गेलेल्या गवयांचे.

आणि मी खोटं आणायचो. खोलीवर मी काय ऐकत असे? एक विनोदी गाणं होतं, नवराबायकोच्या भांडणाचं. ते लावून मी दाढी करत असे आणि हसताना गाल कापून घेत असे. दुसरं एक सिनेमातलं रडकं गाणं. पण रविवारी मी वकीलसाहेबांना काय आवडेल ते हेरून तशी तबकडी कुणाकडून तरी मागून नेत असे आणि सांगत असे की सध्या हिनं वेड लावलंय. ते मान डोलवायचे. माझा पहिला खोटेपणा तो. गाण्याबद्दल खोटं बोलायला काही लागत नाही, कारण पुरावा कुणी मागत नाही.

नाना आले ते पावसाळा सरल्यावर. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. खानदेशात गावोगाव नाना आहेत, तेव्हा एवढ्यानं त्यांची ओळख उघडी होत नाही. फैजपूरच्या अलीकडच्या एका खेड्यात त्यांची केळी होती. चाळिशीचे, उंच, काळे, डोक्याला टोपी, पायात जाड वहाणा. सावद्याला रेल्वेच्या वाघिणी केळीनं भरून झाल्या की रविवारी त्यांना मोकळीक असे, आणि जळगावला ते बाजारासाठी येत. रस्त्यावरून माडीवरचा आवाज ऐकून एक दिवस ते सरळ जिना चढून वर आले आणि दारातच बसले. गाणं संपल्यावर वकीलसाहेबांनी काय काम आहे म्हणून विचारलं. त्यांनी सांगितलं की काम काही नाही, माझ्याकडेही भोंग्याचा ग्रामोफोन आहे, पण गावात दुसरं कुणी ऐकत नाही. एकट्यानं ऐकलं की अर्धंच ऐकल्यासारखं वाटतं. वकीलसाहेबांना ते वाक्य फार आवडलं. पुढच्या रविवारी सध्याची तबकडी घेऊन या म्हणाले.

नानांनी आणली ती तमाशातली लावणी. मास्तरांनी कपाळाला हात लावला. पण नाना सांगू लागले की बाई जिथे थांबते तिथे ढोलकीवाला तिला जागा कशी देतो बघा, पाणी सोडताना वाफ्याच्या तोंडाशी माती थोडी मागे घ्यावी तशी. वकीलसाहेबांनी ती तबकडी दोनदा लावली. मी बघत होतो. हा माणूस आपल्या खऱ्या आवडीची तबकडी आणत होता, आणि होता माझ्याच जातकुळीचा, खेड्यातला. मला त्याचा राग आला. मी जे लपवून मिळवलं होतं ते तो न लपवता मिळवत होता.

काट्याचं कळलं ते तिसऱ्या-चौथ्या रविवारी. पिना संपल्या होत्या. वकीलसाहेबांचा दंडक असा की एका बाजूला एक नवी पिन, वाजली की टाकून द्यायची. कुणीतरी बाजारात जायला उठलं तेव्हा नानांनी बंडीच्या खिशातून तंबाखूची डबी काढली. आत बाभळीचे सुकवलेले काटे, पांढरेशुभ्र, टोकं वस्तऱ्यानं तासलेली. बऱ्हाणपूरच्या एका म्हाताऱ्या दुरुस्तीवाल्यानं त्यांना हे शिकवलं होतं. आवाज जरा मऊ येतो, पण तबकडीला जपतो, असं ते म्हणाले. वकीलसाहेबांनी हसून नको म्हटलं.

मास्तर म्हणाले, “बाभूळच लावायची तर नाना, ऐकायला शेळ्यापण आणा.”

“शेळ्या बी येतीन मास्तर,” नाना म्हणाले. “पन त्या गानं चालू असता मधी बोलत नहीत.”

सगळे हसले, मास्तरही. मीसुद्धा. नानांचं असं होतं. पण त्या दिवसापासून काट्याची गोष्ट मंडळीच्या जिभेवर बसली.

हिवाळ्यात वकीलसाहेबांनी त्यांच्या अल्बमातली एक तबकडी फेरीत घातली. एका गवयाचा सकाळच्या रागातला ख्याल. गवई गेलेला, तबकडी पुन्हा निघणार नव्हती. वकीलसाहेबांच्या वडिलांनी ती आणली होती. इतकी वर्षं त्यांनी ती कुणाच्या हाती दिली नव्हती, आणि तरीही फेरीत घातली, कारण त्या आठवड्यात ते तीच ऐकत होते आणि नियम म्हणजे नियम. त्यांच्या शेजारी मी बसत असे. म्हणून पहिलं घर माझं. माझ्यानंतर नाना.

त्या तबकडीचा सगळा जीव एका जागेत होता. सुरुवातीपासून साधारण तिसऱ्या हिश्शावर गवई वरच्या षड्जाकडे जातो, पण पोचत नाही, खालीच रेंगाळतो, आणि मग अगदी सहज, हाक मारल्यासारखा पोचतो. मला वाटलं, रविवारी या जागेबद्दल मी असं बोलेन की वकीलसाहेब बघत राहतील. त्यासाठी ती जागा पाठ हवी, गुणगुणून दाखवता आली पाहिजे. म्हणून सकाळी कचेरीत जाण्यापूर्वी आणि संध्याकाळी आल्यावर मी तेवढीच जागा लावत बसलो. पिन धरणारा साउंडबॉक्स उचलायचा, बोटभर मागे ठेवायचा, परत उचलायचा, परत ठेवायचा. माझ्या डबीत नव्या पिना होत्या. दर वेळी कोण पिन बदलणार म्हणून मी बदलली नाही. एकाच पिनवर सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी मला जागा गळ्यात बसल्यासारखी वाटली आणि मी चेकाळून आणखी लावली.

शुक्रवारी सकाळी खिडकीतून ऊन आलं तेव्हा मी तबकडी तिरकी धरली. काळ्याभोर चकाकीत बोटभर रुंदीचा एक राखाडी पट्टा उमटला होता. अगदी त्या जागेवर. मी नवी पिन लावून ऐकलं. गवई वर जायला निघाला आणि खरखरीत बुडाला. तळणीत काहीतरी पडावं तसा आवाज. हाक ऐकूच आली नाही. मी फडक्यानं पुसून पाहिलं, खोबरेल तेलाचं बोट फिरवून पाहिलं. आपल्या हातून काय झालंय हे मला त्या क्षणी पूर्ण कळलं होतं. कळलं नव्हतं असं म्हणायची सोय मी ठेवत नाही.

रविवारी मी त्या जागेवर बोललो. काय बोललो ते सगळं आठवत नाही, पण गुणगुणून दाखवलं आणि वकीलसाहेबांनी माझ्या मांडीवर थाप मारली. मग मी तबकडी पाकिटासह नानांच्या हातात दिली. त्यांनी ती धोतराच्या सोग्यात गुंडाळून छातीशी धरली. मी मनाशी म्हटलं, बघू.

पुढच्या रविवारी नानांची बोलायची पाळी आली. त्यांनी पाकीट समोर ठेवलं आणि दोन शब्द बोलण्याऐवजी म्हणाले, “तबकडी दुखावली हाये, वकीलसाहेब. मले नीट आयकू आली नही.”

त्यांना हे सांगायची गरज नव्हती. त्यांच्यानंतर रेल्वेबाबूंचं घर होतं, मुकाट्यानं पुढे सरकवता आली असती, मी सरकवली तशी. फेरीचा नियम मोडून वकीलसाहेबांनी ती तिथेच लावली. खरखर सुरू झाली. तबकडी संपेपर्यंत वकीलसाहेब उभे होते. मग त्यांनी विचारलं, नाना, कशावर वाजवलीत? नाना म्हणाले, काट्यावर. मास्तर म्हणाले, झालं. मग बाबू बोलले, मग पुन्हा मास्तर. नानांनी एकदाच सांगितलं की माझ्याकडे आली तेव्हाच ती अशी होती.

त्यावर वकीलसाहेब माझ्याकडे वळले. वकिलाचीच रीत, समोरच्याचं म्हणणं तपासून घेण्याची. आवाजात संशय नव्हता, उलट माझ्यावर भार टाकल्यासारखा होता.

“भाऊसाहेब, तुमच्याकडे कशी होती?”

“चांगली होती,” मी म्हणालो.

दोन शब्द. एवढंच बोललो आणि ते बोलताना मी शुद्ध बोललो, पुस्तकातल्यासारखं. नाना माझ्याकडे बघत होते. रागानं नव्हे. जागा ओळखीची वाटावी पण नक्की आठवू नये, तसं बघत होते.

वकीलसाहेब माणूस सभ्य. त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, नाना, तुम्ही ऐकायला येत जा, दार उघडं आहे, पण यापुढे तबकडी घरी नेऊ नका. बाहेरच्या कुणाला यात काही विशेष वाटणार नाही. आमच्यात मात्र फेरीबाहेर असणं म्हणजे मंडळीत नसणं होतं. पुढच्या रविवारी नाना आले, आपली तबकडी आणली, ती सगळ्यांनी ऐकली. मग फेरी सरकली तेव्हा माझ्या हातातली तबकडी मी त्यांच्या पुढून बाबूंना दिली. नानांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. त्यांची तबकडीही कुणी नेली नाही, काट्यावर वाजलेली म्हणून. असे दोन रविवार आले. तिसऱ्या रविवारी आले नाहीत, आणि नंतर कधीच नाही. वकीलसाहेबांच्या अल्बमातलं ते पाकीट रिकामंच राहिलं. तबकडी त्यांनी काय केली मी विचारलं नाही.

त्याच महिन्यात मी गावी गेलो. आईला हे सगळं सांगितलं, खरं होतं तसं. सांगताना हसत होतो. कसं निभावून नेलं बघ, असा माझा सूर होता. ती शेंगा निवडत होती. तिनं मान वर केली आणि विचारलं, “त्या मानूसनी तुन्हं काय बिघाडेल शे?” त्या माणसानं तुझं काय बिघडवलं होतं. मग ती पुन्हा शेंगा निवडू लागली. त्यानंतर ती जाईपर्यंत मी तिला गाण्याबद्दल काही सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही.

मग माझी धुळ्याला बदली झाली. तिथे ओळखी करायच्या होत्या, आणि काट्याची गोष्ट हाताशी होती. मी ती रंगवली. ‘तबकडी दुखावली हाये’ हे वाक्य मी नानांच्या आवाजात म्हणत असे, आणि लोक पोट धरून हसत. अहिराणी घरातला मुलगा दुसऱ्या खेड्याच्या बोलीची नक्कल करून शहरातल्या लोकांना हसवत होता. त्यात मला आणखी एक आधार होता. मी स्वतःला समजावलं होतं की पट्टा माझा असेल, पण बाकीची खरखर काट्याचीच. काटा शेवटी काटाच.

तो आधारही धुळ्यातच गेला. ग्रामोफोन दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याला मी ही गोष्ट ऐकवली. तो हसला नाही. म्हणाला, साहेब, गोष्ट उलटी आहे. पोलादाची पिन झिजली की धार धरते आणि तबकडी कापते. काटा मऊ, तो स्वतःच झिजतो. फक्त एक, पिननं आधीच खरवडलेल्या जागेवर काटा टिकत नाही, टोक मोडतं. तुमच्या शेतकऱ्याला ते कळलं असणार.

साठ साल उजाडलं असेल किंवा उजाडायचं असेल, कचेरीतल्या एकाच्या लग्नाला मी फैजपूरला गेलो. नानांचं खेडं तिथून चालत जाण्याजोगं होतं. दुपारी मी निघालो. ठरवून निघालो असं म्हणणं जास्त होईल. पाय वळले आणि मी वळू दिले. नाना ओट्यावर बसले होते. त्यांनी मला लगेच ओळखलं, पाणी दिलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि ठेचा समोर आला. त्यांच्या बायकोनं विचारलं, जळगावचे का? हो म्हटल्यावर ती म्हणाली की यांच्या काळ्या तव्याला पाहुणे येतात म्हणायचं, भाकर तर त्याच्यावर होत नाही. नाना हसले. जेवण झाल्यावर त्यांनी ग्रामोफोन बाहेर आणला, चावी भरली, काटा तासला आणि एक तबकडी लावली. सध्याची. कुठल्याशा बाईंचं भजन होतं. आवाज खरंच मऊ होता, आणि एवढासाही ओरखडा नव्हता. मी तबकडी हातात घेऊन उन्हात तिरकी धरली. ती काळ्या आरशासारखी होती.

नानाच बोलले, तबकडी परत पाकिटात घालता घालता.

“काटा एकाच जागी मोडे. तीन काटे मोडले. मंग आठवलं, त्याच जागेवर तुमी आदल्या रविवारी बोल्ले व्हते. गाऊन बी दाखवलं व्हतं.”

म्हणजे त्यांना तेव्हाच कळलं होतं. माडीवर माझ्याकडे बघत होते तेव्हाच. मी विचारलं, मग तुम्ही बोलला का नाहीत?

“वकीलसाहेबानं तुमाले इचारलं व्हतं, भाऊ. मले नही.”

त्यांनी हे टोचून म्हटलं नाही. पाळी तुमची होती, एवढंच. फेरीतला नियम सांगावा तसं. मग मी सांगितलं, सगळं, पिन न बदलल्यापासून. आणि म्हणालो की येत्या रविवारी मी जळगावला जाईन आणि सगळ्यांसमोर सांगेन. ते म्हणाले, सांगा. मी म्हणालो, ते तुम्हाला बोलावतील. त्यावर त्यांनी विचारलं, मंडळी अजून जमते का, मास्तर येतात का. त्यांचा आवाज एकदम हलका झाला होता. वेशीपर्यंत मला पोचवायला आले, आणि पुढच्या रविवारी आणायची तबकडी कोणती यावर वाटेत बोलत राहिले. भजन न्यावं की दुसरी एक आहे ती. मास्तरांना भजन चालेल का. मी म्हणालो, चालेल.

रविवारी मी गेलो. माडीवर मला बघून सगळ्यांना आनंद झाला. वकीलसाहेब थकले होते, पण उठून उभे राहिले. दोन नवे सभासद होते. त्यातले एक कॉलेजातले प्राध्यापक. चहा आला. मी मनात पहिलं वाक्य जुळवत होतो. तेवढ्यात मास्तर प्राध्यापकांना म्हणाले, आमच्याकडे एक नाना होते, त्यांची गोष्ट ऐकलीत का? मग माझ्याकडे वळून म्हणाले, तुम्ही सांगा हो भाऊसाहेब, तुमच्यासारखी कुणाला जमत नाही.

मी सांगितली. ती, नेहमीची. बोलीसकट. प्राध्यापकांच्या बशीत चहा सांडला. वकीलसाहेब पण हसले, आणि मग डोळे पुसून म्हणाले की तरी माणूस चांगला होता हो. तिथेही एक जागा होती. त्या वाक्यानंतर मी बोलू शकलो असतो. बाबूंनी नवी तबकडी लावली आणि मी ऐकू लागलो.

त्या मंडळीत मी पुन्हा गेलो नाही. दोन आठवड्यांनी धुळ्याच्या पत्त्यावर एक कार्ड आलं. नाना लिहिताना शुद्ध लिहीत. आपण रविवारी गेला असालच, मंडळींची प्रकृती कशी आहे, बोलावणं आलं की भजनच आणीन असं ठरवलं आहे, कळवावे. मी कळवलं नाही. दोन-तीन महिन्यांनी दुसरं कार्ड आलं, त्यात फक्त खुशाली होती. त्यालाही उत्तर दिलं नाही.

वकीलसाहेब गेले, मास्तर आणि बाबू गेले. नानाही गेले, फार पूर्वी. ते मला केळीच्या एका व्यापाऱ्याकडून कळलं. मागच्या वर्षीच्या त्या कार्यक्रमानंतर मी हे लिहायला घेतलं, आणि छापण्यापूर्वी त्यांच्या मुलाचा फोन शोधून काढला. तोही आता सत्तरीकडे झुकलेला. मी माझी ओळख सांगितली, काय झालं होतं ते सांगितलं, आणि हे छापलं तर चालेल का विचारलं. तो म्हणाला की छापा. गोष्ट त्याच्याही कानावर होती. एका लग्नात त्याच्या समोरच कुणीतरी सांगितली होती, आणि तो उठून हात धुवायला गेला होता.

मी विचारलं, नाना माझ्याबद्दल कधी काही बोलले का?

तुमच्याबद्दल नाही, तो म्हणाला. पण जळगावहून बोलावणं येणार आहे, असं म्हणायचे. रविवारी सकाळी धुतलेले कपडे घालून बसायचे.

किती दिवस, मी विचारलं.

“दोनेक वर्षं म्हणायचे,” तो म्हणाला. “मग म्हणणं सोडलं.”